हातउसने

रात्री अकराच्या सुमारास कामरेजच्या चार रस्त्यावर बसगाड्यांची भरती येते. सौराष्ट्राकडे निघालेल्या, पडदे ओढून घेतलेल्या, कपाळावर रंगीत दिवे मिरवणाऱ्या त्या लांबलचक गाड्या क्षणभर विसावतात आणि "अमरेली, सावरकुंडला, महुवाऽऽ" अशी हाळी वाऱ्यावर तरंगत आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी येते. फाल्गुन सरत आलेला. उसाच्या शेवटच्या फडांवरून आलेली गोडसर, किंचित जळकी झुळूक, तिच्यात मिसळलेला तापीचा ओलावा आणि या दोघांच्या मधून वाट काढत आलेला महामार्गाचा डिझेलवास, असं सगळं एकाच श्वासात छातीत भरतं. घर झोपलेलं असतं. मी वही उघडते, वर मधोमध 'श्री' लिहिते, खाली 'कामे' असं लिहून रेघ ओढते.

आणि पेन अडतं.

बेत तसा एवढासाच. इमारतीच्या तळमजल्यावरचा दहा बाय बाराचा गाळा भाड्याने मिळतो आहे, डोक्यावर गच्ची आहे, आणि सासूबाईंच्या हातात खानदेशची चव आहे. उडदाचे पापड, कुरडया, आणि ज्वारीचे बिबडे. सुरतेत खानदेशी माणूस काही थोडाथोडका नाही. उधना, लिंबायत, डिंडोलीच्या गल्ल्यांतून चालताना कानावर इतकी अहिराणी पडते, की आपण धुळ्यात आहोत की गुजरातेत, हे दुकानांच्या पाट्या वाचूनच ठरवावं लागतं. त्या सगळ्यांना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास आईच्या गच्चीवरचं वाळवण आठवतच असणार. त्या आठवणीला पाकिटात भरून वर किंमत लिहायची, याला धंदा म्हणतात, असं मला वाटत होतं.

वस्तूंची यादी सोपी असते. ती झरझर उतरत जाते, उतारावरून पाणी जावं तशी. ज्वारी, उडीद, गहू. पापडखार, हिंग, मिरी. मोठं जाड बुडाचं पातेलं एक, सोरे दोन, पोळपाट-लाटणी सहा. जुनी, मऊ सुती धोतरं. कबुतरांसाठी जाळी. वजनकाटा. पिशव्यांची तोंडं चिकटवायचं यंत्र. मग कागदपत्रं: अन्नपदार्थ विकण्याची नोंदणी, वर्षाला १०० रुपये. १०० रुपयांत मी लोकांना खाऊ घालायला लायक ठरणार होते, याची गंमत वाटली. उद्यमची नोंदणी, फुकट. मुद्रा योजनेतलं 'शिशु' कर्ज, ५०,००० रुपयांपर्यंत. कर्जाला शिशु म्हणणाऱ्या त्या अनाम अधिकाऱ्याचं मला कौतुक वाटलं. सुरुवातीचा प्रत्येक पैसा खरोखरच तान्हा असतो, रात्री दोनदा उठवतो.

शेवटी मी समोरच्या बाजूला आणखी एक रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'कोण?'

तो रकाना रिकामाच राहिला.

बिबडे केलेल्यांना हे सांगायला नको. ज्वारी तीन दिवस भिजते. रोज पाणी बदलायचं, आणि रोज वासावरून ओळखायचं, ती आता कुठवर आली. पहिल्या दिवशी तिला पावसाने भिजलेल्या मातीचा वास असतो, दुसऱ्या दिवशी कोवळ्या ताकाचा, तिसऱ्या दिवशी असा एक आंबूस, जिवंत वास, की घरात कुणीतरी पाहुणं येऊन बसलंय असं वाटावं. चौथ्या दिवशी ती दळायची. "भिजेल ज्वारी कोनी वाट देखत नही," सासूबाई म्हणतात. भिजलेली ज्वारी कुणासाठी थांबत नाही. मग पहाटे आधण ठेवायचं, त्यात मीठ, तीळ, जिरं, लसूण-मिरचीचा ठेचा, आणि वरून ते पांढरं पीठ धारेने सोडत हाटत राहायचं. एकीने पातेलं फडक्याने घट्ट धरायचं, दुसरीने हाटायचं, तिसरीने जाळ सांभाळायचा. फदफदणारा तो घाटा गार व्हायच्या आत गच्चीवर पोचवायचा. तिथे पाण्यात पिळून अंथरलेल्या धोतरावर ओल्या तळव्याने एकेक गोळा थापत न्यायचा, वर्तुळाच्या कडेपर्यंत, कडा विरविरीत होईपर्यंत, खालच्या धाग्यांची वीण वर उमटेपर्यंत. आणि संध्याकाळी, उन्हाने ते धोतर कडक झालं, की ते उलटं धरून पाठीमागून पाण्याचा हबका मारायचा. एकीने दोन टोकं ताणून धरायची, दुसरीने बिबडा अलगद सोडवायचा, झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून हात काढावा तसा.

यातलं एकही काम एकटीचं नाही.

मी वहीत लिहीत होते ते 'बिबडे, ५ किलो'. पण बिबड्यांना किलो कळत नाहीत. त्यांना माणसं कळतात. सासूबाईंना झोप नव्हती, त्या उठून बसल्या, वहीकडे बघून म्हणाल्या, "कितला मानसे लागतीन?" मी म्हटलं, तेच तर ठरत नाहीये. त्यांनी पदर सावरला आणि उशाशी डोकं टेकता टेकता म्हणाल्या, "मी शे ना."

मी आहे ना. एवढंच म्हणून त्या झोपल्या. त्यांचं वय ७४ आहे.

वही मुळात माझी नाही. लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा खाल्लेली ही वही वडिलांची. पहिली अकरा पानं त्यांच्या अक्षरात आहेत, उरलेली कोरी होती म्हणून मी घेतली. वडील अमळनेरकडून आले ते भुसावळ-सुरत गाडीने. ज्या तापीच्या खोऱ्यातून ती लोहमार्गाची रेघ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ओढली गेली, त्याच खोऱ्याने पुढे किती पिढ्यांना पाण्यासारखं उताराकडे वाहून आणलं. उधन्याच्या एका खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, त्यांनी वर्षानुवर्षं यंत्रमाग चालवले, आणि एके वर्षी स्वतःचं म्हणून चार माग भाड्याने घेतले. वहीत सगळं आहे. बीम, बॉबिन, तेल, वीज, भाडं, महिन्याला किती ताके निघतील. आकडे असे टपोरे, सरळ, जणू नुकतीच आंघोळ करून रांगेत उभे राहिलेले. अकराव्या पानाच्या मध्यावर ते थांबतात. त्या पावसाळ्यात वडिलांना विषमज्वर झाला. तीन आठवडे माग मुके राहिले, ठरलेला माल गेला नाही, आणि जे उभं राहिलं होतं ते हळूच, आवाज न करता बसलं. शेजारच्या खात्यात त्यांच्याच गावचे दोघे काम करत होते. त्यांना निरोप गेला असता तर ते रात्रपाळी करून धावले असते. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांच्यातल्या एकाने तेच बोलून दाखवलं, डोळ्यांत पाणी आणून. पण वडिलांनी निरोप पाठवलाच नाही. "कुणापुढे हात पसरायचा नाही," हे त्यांचं ब्रीद होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मलाही होता.

त्या रात्री मी ती अकरा पानं पुन्हा वाचली. त्यांत एकाही माणसाचं नाव नाही.

मराठीत हात किती तऱ्हांनी येतो. हात पसरणं, हात देणं, हात राखणं, हात आखडणं, हातभार, हातखंडा. आणि एक शब्द आहे, मला तो फार आवडतो: हातउसने. बिनकागदाचे, बिनव्याजाचे, ओळखीवर घेतलेले पैसे. वाटीभर साखर, दहाची नोट, पोराच्या फीचे चारशे. पण हा शब्द जरा जवळ घेऊन पाहिला, की त्याच्यातून वेगळंच काही ऐकू येतं. उसने घेतलेले हात. आपले दोन पुरत नाहीत म्हणून दुसऱ्याचे दोन घ्यायचे, आणि त्याला गरज पडेल तेव्हा आपले द्यायचे. आमच्या गावाकडे इर्जिक होतीच की. एकाच्या रानात सगळ्यांनी आपापली औतं घेऊन जायचं, दिवसात नांगरट उरकायची, मोबदला काय तर त्या दिवशीचं पोटभर जेवण आणि उद्या तुझ्याकडे. सावड म्हणत त्या देवाणघेवाणीला. पापडांचंही तसंच. चैत्रात आज या घरचे, उद्या त्या घरचे, आणि दुपारभर उखाणे, चहाड्या, हसू. लाटीवर बोटांचे ठसे उमटलेले असत. कोणता पापड कुणाचा, ते कडेच्या जाडीवरून ओळखू येई.

पण मग मी अडखळले. सावडीत पापड विकायचे नसतात. शेजारणीने माझ्या घरचे पापड लाटले, ते माझ्या घरच्यांनी खाल्ले, तर ती माया. तिने लाटलेल्या पापडाला मी पाकीट घातलं, वर भाव लिहिला, आणि तिला चहा पाजून पाठवलं, तर ती लबाडी. ज्या क्षणी वाळवणावर किंमत येते, त्या क्षणी गच्चीवरचं हसू हिशेबात येतं.

इथे मला गिरगावातली गच्ची आठवली. १५ मार्च १९५९. लोहाणा निवास नावाच्या वस्तीतल्या सात गुजराती गृहिणी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. ते ८० रुपये दिले होते छगनलाल करमसी पारेख नावाच्या समाजसेवकाने. पहिल्या दिवशी भरली चार पाकिटं. त्यांना पुढे जग 'लिज्जत' म्हणून ओळखू लागलं, आणि आज त्या घरात चाळीस हजारांहून अधिक बायका आहेत, हे आपण कौतुकाने सांगतो. मला मात्र त्या गोष्टीतला वेगळाच तुकडा धरून ठेवतो. पहिल्याच वर्षी पाऊस आला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली, आणि बाहेर मुंबईचा पाऊस. एखाद्या बाळंतिणीला शेक द्यावा तसे पापड शेकत बसलेल्या त्या बायका मला दिसतात. खोलीत रॉकेलचा वास, हिंगाचा वास, पावसाचा वास. त्यांनी मजुरीचं कोडंही असंच घरगुती रीतीने सोडवलं. लाटणारी प्रत्येक बाई मालकीण. नोकर कुणीच नाही, सगळ्या बहिणी.

सावड त्यांनी मोडली नाही. तिला फक्त वही दिली.

मुंबईत गुजराती बायकांनी ते केलं. आणि मी, गुजरातेत बसलेली मराठी बाई, त्यांच्याकडून शिकत होते. उसनवारीला हद्द नसते. कामरेजही एका अर्थी आमचं उसनं गाव आहे. एकेकाळी हे गायकवाडी मुलूख, बडोदा संस्थानाच्या नवसारी प्रांतातलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचं एक शेतकऱ्याचं पोर बडोद्याच्या गादीवर बसलं आणि सयाजीराव झालं. १९०८ साली त्यांनी बँक ऑफ बडोदा काढली. पैसा हासुद्धा हातउसना द्यायची गोष्ट आहे, हे त्या खानदेशच्या शेजारच्या पोराला ठाऊक असावं. आणि तापी? ती तर मुलताईहून निघते, आमच्या भुसावळ-प्रकाशाची धूळ धुते, उकाईला अडते, सुटते, आणि कामरेजच्या पुलाखालून जाताना थकलेल्या सासुरवाशिणीसारखी संथ होते. माहेरचं पाणीच दाराशी आलंय, मग परकं काय?

परकी फक्त हवा आहे. गेल्या चैत्रात घरच्यापुरती म्हणून कुरडई घालून पाहिली होती, तेव्हा ते कळलं. खानदेशचं ऊन कोरडं, खणखणीत, तांब्याच्या भांड्यासारखं. तिथे सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी काटक्यांसारखी वाजते. इथल्या उन्हात समुद्र विरघळलेला असतो. ते भाजतं पण सुकवत नाही. दोन दिवस कुरडया वरून वाळल्या, आतून ओल्याच, आणि तिसऱ्या दिवशी अवेळी आभाळ आलं. मी बाजारात गेलेली. सासूबाईंचे गुडघे जिना चढत नाहीत. आले तेव्हा वाटलं, गेलं सगळं.

गच्चीवर कुणीच नव्हतं. कुरडयाही नव्हत्या.

समोरच्या घरातल्या बा, सावरकुंडल्याकडच्या, त्यांनी पहिल्या थेंबाला आपल्या दोन्ही सुना वर पिटाळल्या होत्या. आमच्या कुरडया त्यांच्या दिवाणखान्यात, पंख्याखाली, त्यांच्याच कोऱ्या चादरींवर पसरलेल्या. त्या सुना दिवसभर साड्यांना खडे चिकटवायचं जॉबवर्क करतात, साडीमागे ठरलेल्या दराने. त्या दुपारी त्यांनी साड्या बाजूला सारल्या होत्या. मी काही बोलायच्या आत बा म्हणाल्या, "झाझा हाथ रळियामणा."

गुजरातीतली ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा अर्थ लागला. पुष्कळ हात एकत्र आले की काम हलकं होतं, वेळ वाचतो, खर्च घटतो, असलं काहीच ती म्हण म्हणत नाही. ती म्हणते, पुष्कळ हात रळियामणे असतात. रमणीय. देखणे. मदतीचा उपयोग बघण्याआधी तिचं रूप बघणारी ही भाषा! आणि खरंच, दिवाणखान्याच्या अर्ध्या उजेडात, खडे चिकटवून टोकांना डिंक वाळलेली ती बोटं कुरडयांच्या जाळीवर वाकलेली होती, तेव्हा त्यांच्याइतकं सुंदर मी कामरेजात काही पाहिलं नव्हतं. अर्ध्या कुरडया तरीही गेल्या. त्यांच्यावर बुरशी आली. पण माझ्या आठवणीत बुरशी नाही, बोटं आहेत.

परवा मी वही घेऊन बांकडे गेले. जिना ओलांडायला चार पावलं, पण माझ्या वडिलांना जे अंतर जन्मभर ओलांडता आलं नाही, तेवढं ते होतं. घसा कोरडा पडला. म्हटलं, बा, मला मदत हवी आहे. आणि फुकट नको आहे. एका साडीला तुमच्या सुनांना काय सुटतं, ते मला सांगा. त्याहून कमी दर मी देणार नाही. आणि वर्षाअखेर जे उरेल, त्यात लाटणाऱ्या प्रत्येकीचा वाटा. बा ऐकत राहिल्या. त्यांनी चुन्यासारखा पांढराशुभ्र साडला सारखा केला आणि एकच गोष्ट विचारली: मुहूर्त कोणता? त्यांच्या मते नवं खातं लाभपंचमीलाच उघडावं, दिवाळीनंतर. सासूबाई म्हणतात, आखाजी सोडून दुसरा दिवस नाही. त्या दिवशी सासरच्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि पितरांना घागर भरतात. दोन्ही म्हाताऱ्या त्यावर तासभर बोलल्या, एक अहिराणीत, एक काठियावाडीत, आणि एकमेकींना पूर्ण कळल्या. अखेर ठरलं, दुकान आखाजीला, चोपडा लाभपंचमीला. पहिल्या विक्रीला आमच्यात भवानी म्हणतात, त्यांच्यात बोणी. बा म्हणाल्या, ती मी करीन.

रात्री परत येऊन मी 'कोण?' या रकान्याखाली लिहायला घेतलं. दळणाला गिरणीवाले काका, पहाटे पाच वाजता चक्की लावायला तयार आहेत. हाटायला मी आणि थोरली सून. थापायला धाकटी, तिचा तळवा मोठा आहे. चव बघायला सासूबाई, त्या जिना चढणार नाहीत, पातेलं त्यांच्यापाशी येईल. हिशेबाला माझा मुलगा, संगणकावर. पाऊस आला तर खाट आणि शेगडी, दोन्ही घरची. ऊन, चैत्रापासून पुढे, सकाळी साडेआठ ते साडेचार. तेही कामाला आहे म्हणून नाव लिहिलं. त्याची मजुरी कुणी मागत नाही, म्हणून ते फुकट आहे असं समजण्याची चूक आपण फार केली.

लिहिता लिहिता लक्षात आलं, डावीकडचा 'कामे' हा रकाना आपोआप भरत चालला होता. नाव लिहिलं, की त्याच्या समोरचं काम दिसायचं. मी इतके दिवस उलट्या बाजूने सुरुवात करत होते. आधी कामं मोजून मग माणसं शोधायची नसतात. आधी माणसं आठवायची, त्यांच्या हातांना काय येतं ते आठवायचं, त्यांच्या गुडघ्यांना काय जमत नाही तेही. यादीचा जन्म तिथे होतो. वडिलांची अकरा पानं हुशारीत कुठेच कमी नव्हती. ती फक्त डावीकडून लिहिलेली होती.

मी त्यांच्या अकराव्या पानावर, जिथे आकडे थांबले होते त्याच्या खाली, त्या दोन गाववाल्यांची नावं लिहिली. आता त्याचा काही उपयोग नाही. तरी लिहिली.

बाहेर शेवटची बस हलली. "महुवाऽऽ" विरत गेलं. स्वयंपाकघरात दिवा लागला, भांड्याचा आवाज आला, पाण्याचा आला. मी जाऊन पाहिलं, तर सासूबाई परातीवर वाकलेल्या. पाच किलो ज्वारी धुऊन, निथळून, पाण्यात सोडलेली. दाणे तळाशी बसत होते, एकेक बुडबुडा वर येत होता. मी म्हटलं, आई, अजून गाळ्याचं भाडं ठरायचंय, कर्जाचा कागद यायचाय.

त्यांनी ओला हात पदराला पुसला.

उद्या सकाळी पाणी बदलायचं आहे, परवाही. चौथा दिवस पाडव्याचा येतो, आणि गिरणीवाल्या काकांना पहाटे पाचची वेळ सांगून ठेवली आहे.